पन्नास ठोक्यांचा हिशेब

मित्रांनो, पिंपरीच्या एका कारखान्यात, ट्रेनिंगच्या खोलीतल्या खिडकीपाशी हिरव्या रंगाचं एक अवजड यंत्र दिसलं तर बिचकू नका. तो मीच, एक जुना टेलिप्रिंटर. इथे माझ्या कळा दाबल्या की अक्षरं तारेवरून मुंबईला जायची आणि तिथे आपोआप कागदावर उमटायची.

माझा जन्म मद्रासचा. सदुसष्ट साली मी लाकडी पेटीत बसून पिंपरीला आलो. तोवर मुंबईला काही कळवायचं म्हणजे ट्रंक कॉल लावायचा आणि ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचा, अशी इथली रीत होती. मी आलो आणि ती आरडाओरड थांबली. त्या दसऱ्याला मला मोठा हार घातला. मी चांगलाच फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

माझ्यावर काम करायची नीला. काळेवाडीहून सायकलवर यायची. तिचे वडील सोनबा याच कारखान्याच्या फाउंड्रीत भट्टीपुढे राबत. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते दारातून डोकावले आणि सोबत्यांना म्हणाले, "बघा राव, आमच्या घरात खुर्चीवर बसून काम करणारी ही पहिलीच. पोरगी माझी मुंबईशी बोलती. व्हय, तारेतनं!" नीला लाजली, पण त्या दुपारी तिची बोटं माझ्या कळांवर नुसती नाचत होती.

पंच्याहत्तर साली कारखान्यात संगणक आला. काय त्याचे लाड! त्याला थंड हवा लागे, वेगळी खोली लागे. त्याला माहिती भरवायची ती भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. तशी पट्टी मलाही पाडता येत होती आणि वाचून तारेवर पाठवताही येत होती. पट्टीवर एका ओळीत पाच जागा. कुठे भोक, कुठे कोरं, की झालं एक अक्षर. तेव्हा संगणक विभागातले तरुण इंजिनिअर जयसिंगसाहेब कोणत्या यंत्राचा वेग किती, याचा तक्ता करायला बसले.

इथेच घोळ झाला. संगणकाचा वेग अक्षरांत मोजत आणि माझा बॉडमध्ये. बॉड म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते. माझ्या पाटीवर होतं पन्नास. एका अक्षराच्या पाच जागा म्हणजे पाच ठोके, असं धरून साहेबांनी पन्नासला पाचने भागलं आणि उत्तर काढलं, सेकंदाला दहा अक्षरं. मग त्यांनी सहाशे अक्षरांची पट्टी मला लावली आणि घड्याळ धरलं. मिनिटात संपायला हवी होती ती पट्टी. दीड मिनिट लागलं.

"हे यंत्र थकलंय," साहेब म्हणाले. "आता हे टेबलच बंद करू. मुंबईचं काम पुण्याच्या ऑफिसातल्या टेलिप्रिंटरवर होईल."

"आणि मी, साहेब?" नीलाने विचारलं.

"तुम्हाला पॅकिंगमध्ये घेतील, नीलाताई. नोकरी नाही जायची."

नोकरी जाणार नव्हती, पण खुर्ची जाणार होती. नीलाचा चेहरा पडला. घरी सोनबांना हे कसं सांगायचं, तेच तिला कळेना. मी तर आतल्या आत धुमसत होतो. दुसऱ्यांचे निरोप पोचवण्यात जन्म गेला, आणि स्वतःची बाजू मांडायला मला एक शब्द फुटत नव्हता!

"साहेब, काही घासलं असेल तर उघडून बघू या ना," नीला कशीबशी म्हणाली.

जयसिंगसाहेब मनाचे सरळ. त्यांनी माझं झाकण काढलं, मोटर बंद केली आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. नीलाने एक कळ दाबली. दोघंही वाकून ठोके मोजू लागले. "...चार, पाच, सहा..."

"सहा?" साहेब थबकले. त्यांनी चाक पुन्हा फिरवलं. पाच खुणांच्या आधी एक ठोका होता, पलीकडच्या यंत्राला 'अक्षर येतंय' असं सांगणारा. आणि पाच खुणांनंतर दीड ठोक्याचा विसावा होता, 'अक्षर संपलं' असं सांगणारा. सगळे मिळून साडेसात. पन्नासला साडेसातने भागलं, तर सेकंदाला सात अक्षरंही पुरती भरेनात. सहाशे अक्षरांना बरोबर दीड मिनिट!

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि हसत सुटले. "अहो नीलाताई, मी पाचनेच भागत बसलो की! पुण्याचं यंत्रही याच वेगाने चालणार. हा ठणठणीत आहे, माझा भागाकारच आजारी होता." टेबल बंद करायची गोष्ट तिथेच मिटली. नीला हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. तोंड असतं तर मीही मोठ्याने हसलो असतो.

पुढे बरीच वर्षं आम्ही दोघांनी सुखात काम केलं. मग ऐंशीनंतर नवं, आवाज न करणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी गोदामात झाली. अंगावर बोटभर धूळ बसली. शेवटी नीलानेच हट्ट धरून मला या खोलीत आणवलं. आता ती नव्या मुलींना शिकवते. परवा कस्तुरा नावाची एक मुलगी म्हणाली, "बाई, किती हळू आहे हा!"

"हळू नाही गं," नीला म्हणाली. "याचं प्रत्येक अक्षर येताना सांगून येतं आणि जाताना सांगून जातं. तो वेळही कामाचाच आहे. तो धरून मोज."

मित्रांनो, कोणालाही हळू म्हणण्याआधी आपण कशाने भागतोय ते एकदा बघा. आणि मला बघून झालं की आठवणीने माझ्यावर झाकण घाला. आत धूळ गेली, तर मात्र मी खरंच हळू होईन.