व्हर्लिनच्या हातची काडतुसं

"गुरुवारी फोन वाजला तेव्हा माझी दारू घालून झाली होती, की घालायची होती?" व्हर्लिनने विचारले.

मी तव्यावरचे सॉसेज उलटत होते. म्हटले, गुरुवारी तू तळघरात, मी वर. मला काय ठाऊक? मग वळून पाहिले, तर त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला.

व्हर्लिन माझा नवरा. अर्धा जन्म गावच्या धान्यकोठारावर मक्याच्या गाड्यांचे वजन करण्यात गेला आणि उरलेला तळघरात, झाडून रिकाम्या झालेल्या पुंगळ्यांत पुन्हा बंदुकीची दारू भरून, वर शिशाची गोळी बसवून रिव्हॉल्व्हरची काडतुसं बनवण्यात. घरी भरली की स्वस्त पडतात म्हणायचा. कसली डोंबलाची स्वस्त! आधी यंत्र आणले, मग तराजू, मग आणखी मोठे यंत्र. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. शिवाय स्वस्त पडतात म्हणून दुप्पट झाडायची! हे मी त्याला येता-जाता ऐकवायची.

मग आमची लेक जोलीन घोड्यावरून पडली. मनगट मोडले, ते जुळले पण कच्चेच राहिले. दुकानातल्या काडतुसांचा धक्का तिला सोसेना. तेव्हा व्हर्लिनने कमी कमी दारू घालून पाहत तिच्या हाताला मानवतील अशी काडतुसं भरून दिली. पोरगी पुन्हा शनिवारच्या नेमबाजीला जायला लागली आणि मी तोंड मिटले.

पण त्यातच गोम होती. दारू थोडी, म्हणून पुंगळीत जागा उरते. चुकून दोनदा पडली तरी सांडत नाही, आणि एकदा गोळी बसवली की बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. तसे काडतूस झाडले की रिव्हॉल्व्हर हातातच फुटते. म्हणून आमच्याकडे दुसऱ्याच्या हातची काडतुसं कोणी झाडत नाही. भाऊ भावाची झाडत नाही. जोलीन मात्र बापाची डोळे मिटून झाडते.

गुरुवारचा तो फोन दवाखान्यातून होता. व्हर्लिन अलीकडे विसरायला लागला होता, त्यासाठी केलेल्या तपासण्यांबद्दल तो फोन. बोलून तो परत खाली गेला आणि राहिलेले काम पुरे केले. तीच काडतुसं घेऊन जोलीन त्या शनिवारी सकाळी नेमबाजीला गेली होती. मी तिला फोन लावला. उचलला नाही. कानांवर आवाज अडवणारे झाकण लावल्यावर ती कसला उचलते!

गॅस बंद केला, गाडी मी हाकली. मैदान गावाबाहेर, जुन्या खडीच्या खाणीत. फाटकापाशीच बार ऐकू आले. एकेका बाराला मनात येई, हा तिचा तर नसेल?

आमच्या मैदानावर कोणीही "थांबा" ओरडले की सगळ्यांनी थांबायचे, असा नियम. मात्र ओरडणाऱ्याने का ते सगळ्यांसमोर सांगायचे. आणि समोर ऑर्विल होता, व्हर्लिनसारखाच घरी काडतुसं भरणारा, तीस वर्षे त्याची टर उडवणारा. मी म्हटले, मी ओरडते, काहीतरी सांगते. व्हर्लिनने माझा हात बाजूला केला आणि उतरला.

"थांबा! सगळे थांबा!"

एकदम शांतता झाली. जोलीनने रिव्हॉल्व्हर खाली ठेवले आणि वळून पाहिले. दोन्ही हात धड होते. मी गाडीला टेकून रडायलाच लागले.

"जोलीनची काडतुसं मी भरलीत," व्हर्लिन म्हणाला. "एखाद्यात दारू दोनदा पडली असेल. मला आठवत नाहीये."

कोणी हसले नाही. ऑर्विल आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

उरलेली काडतुसं आम्ही घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोडली. व्हर्लिन ठोकून गोळी सुटी करायचा, जोलीन दारू तराजूत ओतायची. मी काट्याकडे बघत होते. सगळी बरोबर निघाली. एकूण एक.

जोलीनने बापाला मिठी मारली. "बघ डॅड, एकात तरी चूक निघाली का? उगाच जीव टांगणीला लावलास आमचा."

"आजवर तुला एकही फोडून बघावं लागलं नव्हतं, पोरी," तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी तो आपल्या पायांनी दुकानात गेला आणि तयार काडतुसांचा डबा घेऊन आला. मैदानावर पहिल्याच बाराला जोलीनचे मनगट धक्क्याने वर उसळले. तिने ते दुसऱ्या हाताने दाबून धरले, बापाकडे मात्र पाहिले नाही. पुन्हा नेम धरला.

तिचे झाल्यावर व्हर्लिन गुडघ्यांवर हात टेकत वाकला आणि तिच्या रिकाम्या पुंगळ्या एकेक करून टोपीत वेचल्या. मला वाटले, सवय, दुसरे काय. कशाला रे, असे ओठांवर आले होते, गिळले. तो सरळ ऑर्विलकडे गेला.

"घे," म्हणाला. "एकदाच उडाल्यात. चांगल्या आहेत अजून."

ऑर्विलने आपली पिशवी उघडी धरली.