तिसऱ्या जोडीतली तार

"छान वाजवलंस," मटिल्डा आंटी म्हणाल्या, आणि जयवंत परबाच्या काळजात धस्स झालं.

तीस वर्षांत आंटींनी त्याला कधी छान म्हटलं नव्हतं. फार तर चहा घे म्हणायच्या. दर रविवारी चारला तो फणसवाडीतून खोताच्या वाडीत यायचा, विल्फ्रेड अंकलसमोर बसून मेंडोलिन शिकायचा, आणि आंटी आपल्या खुर्चीतून पायानेच ताल धरायच्या. लाकडी जमिनीवर सपातेची टपटप ऐकू आली की समजायचं, जमलं बुवा. आज अंकलचा वाढदिवस, ते गेल्यानंतरचा पहिला. आंटींनी मुद्दाम निरोप धाडला होता, की विल्फ्रेडची ती लाडकी चाल वाजव, दुसरं काही नको. जयवंताने वाजवली. सपात हलली नाही.

अंकल जहाजावर स्वयंपाकी होते. कुठल्याशा बंदरात एका काळ्या म्हाताऱ्याकडून त्यांनी ब्लूजच्या जुन्या चाली उचलल्या. अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्यांची गाणी आहेत ही, असं ते सांगायचे. जयवंताचा बाप लालबागच्या गिरणीत तोच कापूस छातीत भरून खोकत गेला. त्यामुळे विमा कचेरीतल्या या कारकुनाला ती गाणी परकी कधी वाटलीच नाहीत. शब्द एक कळायचा नाही, पण चाल आतपर्यंत जायची.

आणि अंकलची ही चाल आता फक्त त्यालाच येत होती. अंकलना मूलबाळ नाही. मेंडोलिनसुद्धा जाण्याआधी त्यांनी जयवंताच्याच हातात दिलेलं. आपल्या हातून ती चाल मेली तर या बाईंना काय तोंड दाखवायचं, या धास्तीने बिचाऱ्याला आठवडाभर अन्न गोड लागलं नव्हतं.

घोळ झाला होता तो जयवंताच्या सुनेच्या मायेमुळे. अनुजाने सासऱ्याला न सांगता अंकलचं मेंडोलिन दुरुस्तीला टाकलं. नव्या तारा, नव्या खुंट्या, वर पॉलिश. मेंडोलिनच्या तारा जोडीजोडीने असतात आणि जोडीतल्या दोघींचा सूर एकच लागतो. दुकानदार तिला म्हणाला, तिसऱ्या जोडीतली एक तार सारखी उतरत होती, जुनी खुंटी घसरायची, आता चोख केलंय. हे ऐकून जयवंत गारच पडला. ती उतरलेली तार म्हणजेच ब्लूज, अशी त्याची इतकी वर्षं समजूत! घरच्या स्वतःच्या मेंडोलिनवरही तो ती तार इमानेइतबारे उतरवून ठेवायचा. पण पोरीने एवढ्या हौसेने केलेलं, तिला काय बोलणार? झकास झालंय म्हणाला आणि आज तशीच चोख तार घेऊन इथे आला.

आता मात्र त्याने आंटींपुढे सगळं भडाभडा ओकून टाकलं. खुंटीचं, दुकानदाराचं, स्वतःच्या येडेपणाचं. तीस वर्षं मी बेसूर वाजवलं हो आंटी, म्हणाला.

आंटी हसल्या. "विल्फ्रेडला काय ठाऊक नव्हतं? हे मेंडोलिन घेऊन मला बघायला आला तेव्हापासून घसरते ती. नवी बसवतो म्हणायचा. मीच बसवू नाय दिली."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तू एवढा मन लावून तार उतरवायचास. त्याला लय बरं वाटायचं रे."

जयवंताचे डोळे भरून आले. काय माणूस होता! त्याने नवी खुंटी चिमटीत धरली, जराशी सैल केली आणि तार छेडली.

"अजून थोडी," आंटी म्हणाल्या. त्याने आणखी सोडली. "बस."

मग त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या जोडीवर बोट घसरलं तशी ती चाल तिच्या जुन्या रडव्या आवाजात बोलू लागली. दुसऱ्या फेरीला जमिनीवर टपटप ऐकू आली. जयवंताने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात थांबला असता.

चाल संपली. आंटी पदराने डोळे टिपत उठल्या.

"चहा घे," म्हणाल्या आणि आत गेल्या.

एका हाताने त्याने चहा घेतला. दुसऱ्या हाताचा अंगठा शेवटपर्यंत त्या खुंटीवर होता.