वीस मिनिटं अखंड

आमच्या विद्यापीठात नृत्याच्या एम.ए.ला एक नियम आहे. अंतिम परीक्षेआधी तीन जाहीर कार्यक्रम करायचे. प्रत्येक किमान वीस मिनिटांचा, अखंड, समोर निदान शंभर प्रेक्षक, आणि पुरावा म्हणून कुठंही न कापलेला व्हिडिओ. नियम कुणी केला देव जाणे. ज्यानं केला त्यानं आमच्या शहरात कथकला शंभर माणसं जमवून दाखवावीत, मी त्याचे पाय धरीन.

माझे दोन कार्यक्रम झाले होते. तिसरा मिळता मिळेना. मोठ्या महोत्सवात कलाकार बाहेरून येतात. आम्हा विद्यार्थिनींनाही स्टेजवर जायला मिळतं, पण पुष्पगुच्छांचं तबक धरून. फर्दापूरच्या एका हॉटेलवाल्यानं पर्यटकांसमोर बोलावलं, तर तीनच मिनिटं, तेही त्यांची जेवणं चालू असताना आणि हिंदी गाण्यावर. एका मंडळानं विचारलं, "डीजेवर जमंल का?" शेवटी मी एका मंगल कार्यालयात जाऊन नवरीच्या बापाला विनवलं. ते म्हणाले, "बाई, जेवून जा." लाज कधीच सोडली होती मी.

सोमवारी व्हिडिओ द्यायचा होता आणि शुक्रवार उजाडला होता. यंदा पदवी हुकली तर मुकुंदवाडीच्या शाळेतली नृत्यशिक्षिकेची जागा दुसरीला जाणार होती आणि मला कायमचं गावी, कन्नडला परतावं लागणार होतं. अण्णा, माझे वडील, वाईट नाहीत. दोन वर्षं त्यांनी भावकीची तोंडं बंद केली. पण तिसऱ्या वर्षाचं नाव काढू नकोस, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

अखेर सांडूमामा कामी आला. मामा कन्नडच्या एका शिक्षणसंस्थेत कारकून आहे. शनिवारी संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. मांडवात चारशे खुर्च्या, उद्घाटनाला एक पुढारी. आता पुढारी येईपर्यंत लोकांना बसवून ठेवायला काहीतरी लागतंच. ते काहीतरी म्हणजे मी.

"साडेनवाला चढ स्टेजवर," मामा फोनवर म्हणाला.

"साडेनवाला कोण असतंय मामा? शंभर माणूस लागतंय मला."

"मग सव्वाधाला. पत्रिकेत सायबाची येळ साडेधाची हाय, म्हंजी बारा धरायची. तू तास दीड तास नाच, कोण नाय म्हनतंय?"

मीही हसले आणि सव्वादहा पक्कं केलं. पत्रिकेवरच्या वेळेत दीड-दोन तास मिळवायचे, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही शिकवावं लागत नाही. नेमकं तेच शहाणपण मला नडलं.

तबल्याला फारूखभाई आले होते. आमच्या विभागात वीस वर्षं साथ करतात, दुपारी दुकान बंद ठेवून. माझी वर्गमैत्रीण तहरीम मांडवाच्या मधोमध स्टँडवर मोबाइल लावून उभी राहिली. सव्वादहाला दोनेकशे खुर्च्या भरल्या होत्या. मी नमस्कार करून सुरुवात केली. फारूखभाईंचा हात छान लागला होता. पुढच्या रांगेतल्या बायका चक्क बघत होत्या, एकीनं तर रडतं पोर दुसरीकडे दिलं. वाटलं, सुटलो बुवा.

अकराव्या मिनिटाला सायरन ऐकू आला.

साहेबांना दुपारी कुठं तरी मयतीला जायचं होतं, म्हणून ते आधी हे उरकायला आले होते. सगळा मांडव एका दमात उठला आणि माझ्याकडे पाठ करून फाटकाकडे वळला. कुणीतरी माइक बंद केला. दुसऱ्या मोबाइलवर लावलेली पेटीची धून स्पीकरमधून यायची, तीही गेली. स्टेजखालून मामा दात खाऊन ओरडला, "सायले, उतर खाली! माझी नोकरी खाती का?"

मी फारूखभाईंकडे पाहिलं. "रुक मत बेटा," ते म्हणाले, "मय बजातूं." आणि ते माइकशिवाय दणकून वाजवू लागले.

मी थांबले नाही. मामाचं चूक नव्हतं, हे मला नाचतानाही कळत होतं. मला इतका खोटा आनंद चेहऱ्यावर आणून नाचताना स्वतःचीच किळस येत होती. तरी नाचत होते. तहरीम बोटांनी मिनिटं दाखवत होती. बारा. तेरा. तिकडे इमारतीसमोर फीत कापायची होती. कात्री सापडू नये रे देवा, मी मनात म्हणत होते, कुणाच्या तरी खिशातच राहू दे. देवानं थोडं ऐकलंही असावं, कारण सोळावं मिनिट लागलं तरी ते मांडवाकडे वळले नव्हते.

सतराव्याला ते आले. साहेब पहिल्या रांगेत बसले आणि मोबाइल बघू लागले. लोक खुर्च्यांसाठी ढकलाढकली करत होते. मामा घामाघूम होऊन स्टेजवर चढला, मला धरायला हात पुढे केला, तर मी चक्कर घेत त्याच्या हाताखालून निसटले. काही पोरं हसली. हसू देत. दुसरी चक्कर, तिसरी. तहरीमनं दोन्ही हात वर केले, मग आठ बोटं. अठरा. दोनच मिनिटं. मला रडू फुटत होतं आणि मी पायांना सांगत होते, आता मेलात तरी थांबू नका.

माइक खरखरला. "सर्वांनी राष्ट्रगीतासाठी सावधान."

पहिला सूर आला आणि माझे पाय थांबले. मामानं थांबवले नाहीत, साहेबानं नाहीत. पहिलीपासून रोज सकाळी कन्नडच्या शाळेच्या मैदानावर सावधान शिकलेले पाय, आपोआप जुळले. फारूखभाई तबल्यामागे उठून उभे राहिले. तहरीमचे हात खाली आले, ती मोबाइलजवळ ताठ उभी राहिली. रडतं पोरही गप्प झालं.

चारशे माणसं आता माझ्याकडे तोंड करून उभी होती. एक मान वळत नव्हती, कुणी कुजबुजत नव्हतं. दोन वर्षं मी असेच प्रेक्षक मागत फिरले होते. आणि मी त्यांच्यासमोर टाचा जुळवून उभी होते, धापेनं घुंगरू वाजू नयेत म्हणून श्वास धरून.