पहिला इंच नसलेली मोजपट्टी

मित्रांनो, ज्या वर्षी टेलरबाईंना दोन मुलग्यांच्या पाठीवर मुलगी झाली, त्याच वर्षी मी त्यांच्या घरात आले. मी एक जुनी मोजपट्टी आहे. अंग कापडाचं, वरून गुळगुळीत लेप, रंग पिवळा. आता तो पिवळा राहिलेला नाही, जुन्या दातांसारखा झाला आहे. कारखान्यात लोखंडी रुळाखालून मला काढलं तेव्हा आकडे असे ठसठशीत उमटले होते की अंधारातही बोटांना कळावेत. दोन्ही टोकांना पितळी टोप्या होत्या. मी स्वतःला मोठी मानाची समजत होते.

माझ्याकडून पहिलं माप घेतलं गेलं ते त्या तान्ह्या मुलीचं. झबलं शिवायचं होतं. टेलरबाईंनी मला तिच्या छातीभोवती गुंडाळलं आणि त्या हसल्या. "एवढीशी! टिकलीएवढी!" तेव्हापासून ती टिकली. पाळण्यातलं नाव तिच्या शाळेलाच काय ते ठाऊक.

घराच्या खालच्या खोलीत शिवणकाम चाले. रस्त्याकडे काचेचं दार, खिडकीपाशी दोन मशिनं, मध्ये कापड बेतायचं लांब टेबल, कोपऱ्यात इस्त्री, पडद्यामागे कपडे घालून बघायची जागा. टेलरबाई दिवसभर मला गळ्यात घालत. बटणं लावायला आणि काजं करायला एक मावशी येत. त्यांची सुई जितकी बारीक, तितकी जीभ लांब. मापं घ्यायची पद्धत ठरलेली होती. टेलरबाई मला गिऱ्हाइकाभोवती फिरवत आणि खणखणीत आवाजात आकडा पुकारत, "छाती छत्तीस! कमर बत्तीस! बाही नऊ!" मावशी लिहून घेत. सगळ्या खोलीला ऐकू जाई. बारीक बायका ते ऐकून सुखावत, जाड बायका खाली बघत. टेलरबाईंच्या मनात काही नसे. माप म्हणजे माप, त्यात लाजायचं काय, असं त्यांना वाटे.

काही वर्षांनी टेबलाच्या खणात माझं टोक चेमटलं. पितळी टोपी वाकली आणि तिची धार गिऱ्हाइकांच्या कपड्यांना अडकू लागली. एका बाईच्या रेशमी कापडाचा धागा ओढला गेला, तेव्हा टेलरबाईंनी मोठी कात्री घेतली आणि एकाच्या रेघेवर मला सरळ कापलं. माझा पहिला इंच केराच्या टोपलीत गेला.

"नवी आणा की," मावशी म्हणाल्या.

"हातात बसलेलं हत्यार बदलू नये. एक वजा केला की झालं."

तेव्हापासून माझ्यावर तेहतीस दिसले की टेलरबाई तोंडाने बत्तीस पुकारत. वजाबाकी त्यांच्या डोक्यात होई, कुणाला ऐकू येत नसे. माझ्या दुसऱ्या बाजूचे आकडे तर हाताच्या घामाने कधीच पुसले होते. मावशींना ही गोष्ट ठाऊक होती, मला ठाऊक होती. टिकलीला ठाऊक नव्हती.

ठाऊक असणार कशी? टेलरबाईंनी तिला सुईला हातच लावू दिला नव्हता. "माझी मान मोडली तेवढी पुरे. हिने खुर्चीत बसून काम करायचं," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. टिकली खालच्या खोलीत येई ती पुस्तक घेऊन आणि बसे ती कापडाच्या गठ्ठ्यावर. टेलरची लेक असून तिला साधं बटण लावता येत नव्हतं, आणि याचा आईला कोण अभिमान!

लहानपणी एकदा तिला मोठा ताप आला होता. सांधे सुजले होते, पावलं टेकवत नव्हती. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "हृदयाकडे पुढे लक्ष ठेवा, अधूनमधून दाखवत जा," असं त्यांनी सांगितलं. एक-दोनदा दाखवलं. मग मुलगी खेळायला लागली, पळायला लागली आणि दाखवणं राहून गेलं. बरं झालेल्या माणसाला दवाखान्यात कोण नेतं?

टिकली वाढली ती अंगानेही भरली. चांगली गोल, हसरी मुलगी. शिक्षण संपल्यावर तिला एका मोठ्या हॉटेलात, आलेल्या पाहुण्यांचं स्वागत करायच्या टेबलावर नोकरी मिळाली. घरात आनंद झाला. फक्त एक गोष्ट होती. तिथले गणवेश तयार येत आणि तिच्या जागेसाठी होता त्याची कमर तीस होती. "त्यात बसा म्हणजे झालं," असं तिथल्या बाईंनी हसत सांगितलं होतं.

"आण तो इकडे, मी उसवून सैल करीन," टेलरबाई म्हणाल्या.

"आई, तयार कपड्यात आत कापड सोडलेलं नसतं. तूच सांगतेस ना?"

ते खरंच होतं. टेलरबाईंनी गळ्यातून मला काढून तिचं माप घेतलं. सवयीने आवाज चढला, "कमर बत्तीस!"

खोलीत दोन गिऱ्हाइकं होती. मावशी दोरा तोडत म्हणाल्या, "नाव टिकली आणि घेर परातीचा!" सगळ्या हसल्या. टिकलीही हसली. पण मी तिच्या कमरेभोवती होते. तिने पोट आत ओढलेलं मला कळलं.

आठ दिवसांनी सकाळी, खाली कुणी नसताना, ती आली. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि स्वतःच माप घेतलं. माझ्यावर तेहतीस आले. ती बघतच राहिली. आठवडाभर ती अर्धपोटी राहिली होती आणि आकडा मात्र वाढला होता! तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेहतीस. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, "अगं वेडे, एक वजा कर!" पण मोजपट्टीला आकडे असतात, आवाज नसतो.

वरच्या मजल्यावर थोरला भाऊ आणि वहिनी राहत. वहिनींचं वजन फार वाढलं होतं, रक्तात साखर दिसू लागली होती. म्हणून डॉक्टरांनी त्यांना भूक कमी करणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. थोड्या दिवसांपुरत्याच. पुढे वहिनींचा घसा कोरडा पडू लागला, झोप उडाली, छातीत धडधडू लागलं. त्यांनी तसं सांगताच डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. उरलेली पाकिटं त्यांच्या कपाटात पडून होती. एकदा खाली बसून त्या मावशींना सांगत होत्या, "काही म्हणा मावशी, गोळी घेतली की अन्नाकडे बघावंसंच वाटत नव्हतं." बाकीचं सगळं टिकलीच्या एका कानातून गेलं. एवढं मात्र आत राहिलं.

त्यानंतर ती रोज सकाळी खाली येऊ लागली. ओढणीच्या गाठीतून वहिनींच्या पाकिटातली गोळी काढायची, पाण्याबरोबर घ्यायची, मग माझ्याकडे वळायचं. आधी कमर, मग छाती. आकडा खरंच उतरू लागला. कपडे सैल झाले तर ती म्हणे, धुऊन धुऊन सैल झाले असतील. कपड्यांवर तिचा विश्वास नव्हता, माझ्यावर होता.

बायका तिचं कौतुक करू लागल्या. "चेहरा कसा उजळलाय!" "आम्हालाही सांग की गुपित!" मावशी म्हणाल्या, "परातीची वाटी झाली हो!" टेलरबाई सुखावल्या. डबा भरलेला परत येतो, मुलगी पहाटेपासून जागी असते, ओठ सारखे जिभेने ओले करते, क्षुल्लक गोष्टीवरून चिडते, हे त्यांना दिसत होतं. पण नव्या नोकरीची धास्ती असेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

मला वेगळंच काही कळत होतं. ती मला छातीभोवती गुंडाळी तेव्हा आतलं हृदय माझ्या अंगाला लागे. मशीनखाली कापड नसताना कुणी पायडल मारलं की सुई कशी रिकामीच धावते? तसं ते धावत होतं. मध्येच एक टाका चुके. थांबे, आणि मग दोन टाके एकदम पडत. लहानपणी झबल्याचं माप घेताना जे हृदय मी पाखरासारखं ऐकलं होतं, तेच हे. मी रोज वाट बघे की आज टेलरबाई तिला जवळ घेतील, आज तरी त्यांचा हात तिच्या छातीवर पडेल. त्यांचे हात कापडात गुंतलेले असत.

मग आकडा एकतीसवर येऊन अडला. रुजू व्हायचा दिवस जवळ आला आणि एकतीस काही हलेना. त्या सकाळी तिने गाठ सोडली आणि एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशीही दोन. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मित्रांनो, एकतीस म्हणजे तीस होते. जिथे तिला पोचायचं होतं तिथे ती कधीच पोचली होती.

सोमवारी सकाळी टेलरबाई नेहमीपेक्षा लवकर खाली आल्या, मावशी त्यांच्या मागोमाग. टिकली मला कमरेभोवती धरून उभी होती. डोळ्यांत पाणी.

"काय झालं गं?"

"बघ ना आई, एकतीसच. काही केल्या तीस होत नाहीये."

टेलरबाईंनी वाकून बघितलं आणि त्यांना हसू आलं. "अगं, एकतीस म्हणजे तीसच! हिचं पहिलं टोक कापलंय ना, एक वजा करायचा असतो."

"घ्या!" मावशी म्हणाल्या. "टेलरबाईंची लेक आणि पट्टी वाचता येईना!"

टिकली हसली नाही. तिचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला. "म्हणजे आधीपासून एक जास्त दिसत होता? मग मी दोन-दोन कशाला..."

"काय दोन-दोन?"

तिने ओढणीची गाठ मुठीत दाबली. टेलरबाईंनी तिचा हात धरला. मनगटाशी नाडी सुसाट धावत होती. त्यांनी दुसरा हात तिच्या छातीवर ठेवला आणि त्या एकदम ओरडल्या, "सूनबाई! आधी खाली या!"

वहिनी तशाच धावत आल्या. ओढणीची गाठ बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी ती सोडली तर आत त्यांच्याच गोळ्या. "अहो आई, मला देण्याआधी डॉक्टरांनी किती गोष्टी विचारल्या होत्या. रक्तदाब बघितला, हृदयाचा आलेख काढला, लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का, तेही विचारलं..."

टिकलीच्या कमरेवरून मी गळून पडले. "हिला आला होता," टेलरबाई म्हणाल्या. "हिला आला होता गं."

"आई, मी ठीक आहे," टिकली म्हणाली. "फक्त थोडं पाणी दे. आणि मला रागावू नकोस."

"कोण रागावतंय तुला, बाळ? चल, ऊठ."

गाडी बोलावली. मावशी एका बाजूने, वहिनी दुसऱ्या बाजूने. काचेचं दार उघडंच राहिलं. मी जमिनीवर पडून होते. वाऱ्याने कापडाचे तुकडे माझ्यावरून जात होते. इस्त्री तापत ठेवलेली होती, तिचा वास येऊ लागला. शेजारच्या दुकानदाराने येऊन ती बंद केली. मी दारातून दिसणाऱ्या रस्त्याच्या पट्टीकडे बघत राहिले. गाडीचा आवाज आला की वाटे, आल्या. गाडी पुढे जाई.

संध्याकाळी वहिनी एकट्या आल्या. त्यांना टिकलीचे कपडे हवे होते. कुठले घेऊ, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

डॉक्टरांनी नंतर घरच्यांना समजावून सांगितलं. त्या तापाने हृदयाची एक झडप तेव्हाच अधू झाली होती. गोळी म्हणजे विष नव्हे, पण ती हृदयाला पळवते. ज्याचं हृदय पळू शकतं त्यालाच ती द्यायची असते, आणि तीही लक्ष ठेवून. वहिनींनी उरलेल्या गोळ्या औषधांच्या दुकानात नेऊन परत केल्या. आता त्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज चालायला जातात. टिकलीविषयी अजून कुणाशी बोलत नाहीत.

गणवेश आला तो नंतर. टेलरबाईंनी तो टेबलावर पसरला, मला लावून कमर मोजली, मनात एक वजा केला आणि घडी घालून ठेवून दिला. त्याच आठवड्यात त्यांनी नवी मोजपट्टी आणली. मला टाकलं मात्र नाही. मी अजून त्याच खिळ्यावर आहे. त्या आता आकडे पुकारत नाहीत. ओठ मिटून माप घेतात आणि स्वतःच लिहितात. मावशींचीही जीभ आखडली आहे.

परवा एक कॉलेजातली मुलगी आली होती. "काकू, कमरेत घट्टच शिवा. मी बारीक होणार आहे, मैत्रिणीने गोळ्या दिल्यात."

टेलरबाईंनी टाचण्या खाली ठेवल्या. "गोळ्या कुणाच्या नावाच्या आहेत?"

"तिच्या आईच्या."

"तुझी छाती कुणी ऐकलीय?"

टेलरबाईंनी मला खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं. "ही कुठून सुरू होते, बघ."

"एकपासून."

"माझ्या मुलीने ते बघितलं नाही, कारण मी तिला सांगितलं नाही. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. कपडा मगच शिवीन. फुकट शिवीन, पण मगच."

ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली. दोघी मिळून गेल्या.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. दुसऱ्याला तपासून लिहून दिलेली गोळी आपल्या तोंडात घालू नका. लिहून दिलेली असली तरी आपल्या मनाने वाढवू नका. धडधडलं, झोप उडाली, घसा सुकला, तर घरात सांगा. कुणी रागावेल म्हणून गप्प बसू नका. आणि कुणाच्या घेरावर हसू नका, हसणारा विसरतो आणि ज्याला हसलं तो रोज मोजत बसतो.

टिकली गेली ती त्याच सोमवारी, दुपार कलताना, दवाखान्यात. गुरुवारी ती नोकरीवर रुजू व्हायची होती. तिचं आणि माझं वय एकच होतं.