अद्ययावत म्हणजे नक्की काय

ऑफिसात तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण कुणाच्याही वाक्यातला मोघमपणा तिला खपायचा नाही. कंपनी नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर बनवायची. आता त्यात एआय एजंट बसवायचं घाटत होतं. माणसाने नुसतं बोलायचं, लिहाय-पुसायचं काम एजंटने करायचं. या एजंटला पडद्यावरची बटणं दिसत नाहीत. त्याच्या हाती काही टूल्स असतात आणि प्रत्येक टूलपुढे त्याचं वर्णन. ते वाचूनच कुठलं टूल उचलायचं हे तो ठरवतो. ही वर्णनं मास्तरीण लिहायची.

‘नोंद अद्ययावत करा’ या टूलपुढे तिने लिहिलं होतं, “हे टूल नोंदीतला सगळा जुना मजकूर पुसून त्या जागी नवा लिहितं. फक्त भर घालायची असेल तर हे वापरू नये, ‘नोंदीत जोडा’ वापरावं.”

टीमच्या प्रमुखाला सगळे कप्तान म्हणत. त्याने ते वाचून नाक मुरडलं.

“एवढं पाल्हाळ कशाला? आणि ‘पुसून’ काय? ग्राहकांना दाखवताना हा शब्द पडद्यावर आला म्हणजे?”

“अरे, पण ते टूल पुसतंच!”

“एजंट हुशार आहे गं. त्याला कळतं.”

ती बरंच भांडली. कप्तान हसत हसत ऐकत राहिला आणि संध्याकाळपर्यंत त्याने वर्णनाला कात्री लावली. उरलं एवढंच, “नोंद अद्ययावत करतं.” ‘नोंदीत जोडा’पुढे त्याने लिहिलं, “नोंदीत बदल करतं.” आता या दोहोंतून एजंटने काय डोंबल निवडायचं?

तिची वहिनी एका नाटक मंडळीचे कपडे शिवायची. मास्तरणीनेच मागे लागून तिला सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती दिली होती. मंडळीतल्या सगळ्यांची मापं वहिनीने एका नोंदीत भरली होती, आणि ती नोंद सगळ्या मंडळीला दिसायची.

एके दुपारी मास्तरीण डबा उघडत होती, तेवढ्यात वहिनीचा फोन आला.

“अगं, तुझ्या त्या दीडशहाण्याने माझी वाट लावली!”

झालं होतं असं, की दोन्ही हात कापडात आणि तोंडात टाचण्या, अशा अवस्थेत वहिनीने एजंटला सांगितलं होतं, “नायिकेची कंबर दोन इंच वाढलीय, ते मापांमध्ये टाक.” एजंटने नोंद अद्ययावत केली. सगळ्यांचे खांदे, छात्या, बाह्या, उंच्या क्षणात गेल्या. नोंदीत एकच वाक्य राहिलं : नायिकेची कंबर दोन इंच वाढली आहे. आणि नोंद बदलल्याचा निरोप मंडळीतल्या एकूण एक माणसाच्या फोनवर गेला.

“जुनं परत आण,” वहिनी म्हणाली. “मला आज कापड बेतायचंय.”

मास्तरीण डबा तसाच टाकून प्रोग्रामरकडे धावली. त्याने इकडेतिकडे शोधलं आणि मान हलवली. चाचणी आवृत्तीत जुन्या प्रती ठेवण्याची सोयच नव्हती.

कप्तानाने सगळं ऐकून घेतलं. “चुकला एजंट. होतं असं. वर्णनात एक ओळ टाक, ‘काळजीपूर्वक वापरावं.’”

“काळजीपूर्वक म्हणजे काय करावं त्याने? हळू पुसावं?”

“टाकून तर बघ.”

तिने टाकलं. एक खोटी नोंद करून तिच्यात एक ओळ घालायला सांगितली. एजंटचं उत्तर आलं, “मी काळजीपूर्वक नोंद अद्ययावत केली आहे.” आतला मजकूर साफ झाला होता.

तिचं डोकंच फिरलं. लॅपटॉप उचलून ती कप्तानाच्या टेबलाशी गेली.

“तुझी एखादी नोंद दे. वार्षिक सभेचं भाषण लिहितोयस ना, तेच दे. त्यात एक ओळ घालून घेऊ.”

“माझं कशाला?”

“एजंट हुशार आहे. त्याला कळतं.”

कप्तानाने भाषण काही दिलं नाही. “बरं बाई,” तो म्हणाला, “लिही तुला हवं ते. पण या दोन टूल्सपुरतंच.”

तिने आपलं जुनं वर्णन जसंच्या तसं परत घातलं. ‘नोंदीत जोडा’पुढे लिहिलं, “जुन्या मजकुराला हात न लावता शेवटी नवी ओळ घालतं.” पुन्हा पुन्हा तपासलं, दरवेळी एजंटने बरोबर टूल उचललं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण झाली नुसती चिडचिड.

ऑफिस सुटल्यावर ती तडक तालमीच्या हॉलवर गेली. वहिनी टेप लावून आकडे सांगत होती, ते ती लिहून घेऊ लागली. आकड्यांपलीकडे वहिनी तिच्याशी एक शब्द बोलली नाही. खलनायक श्वास कोंडून पोट आत ओढत होता, त्याला दोनदा दटावावं लागलं. नायिका मात्र हाताची घडी घालून उभी राहिली.

“माझी कंबर तुमच्या कंपनीने जाहीर केली म्हणे!”

मास्तरणीने माफी मागितली. नायिकेने मापं दिली, पण माफी पदरात घेतली नाही.

घरी परतताना मास्तरणीने झालं ते सगळं वहिनीला सांगितलं.

“म्हणजे तू आधी बरोबरच लिहिलं होतंस?” वहिनीने विचारलं.

“हो ना! भांडलेसुद्धा.”

“मग कमी भांडलीस.”



नाटक ठरल्या दिवशी उभं राहिलं. घाईत सेनापतीच्या बाह्या आखूड झाल्या, म्हणून तो सगळे प्रवेश हात मागे बांधून करत होता. इकडे कंपनीच्या वार्षिक सभेत कप्तानाने सांगितलं, “वर्णनांवर आम्ही विशेष मेहनत घेतली आहे.” टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी ‘नोंद हलवा’ या टूलचं वर्णन त्याच्याकडून लाल होऊन परत आलं. मूळ जागची नोंद नाहीशी होते, हे सांगणारं वाक्य खोडलेलं होतं. समासात शेरा होता : सुटसुटीत ठेव.

मास्तरणीने ते वाक्य पुन्हा घातलं आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर जाऊन बसली.

“आज मी इथून उठणार नाहीये,” ती म्हणाली. “बोल, यातला कुठला शब्द तुला जास्त वाटतो?”