एकाच ताटात

मंगलाबाईने ताट दोन मधपेट्यांच्या मधोमध ठेवलं आणि पाठ वळायच्या आत कापाकापी सुरू झाली.

थंडीत बरणीतला मध साखरून घट्ट झाला होता. तो कोमट पाण्यात सैल करून माशांनाच परत द्यायचा, असं तिच्या नवऱ्याने, धुडकूने, सांगितलं होतं. पण दिवस मावळल्यावर, आणि प्रत्येक पेटीच्या आत वेगळा. एवढं बजावून तो कडोदऱ्याला लूमवर, कापडाच्या मागावर, कामाला गेला. मंगलाबाई ऐकते कसली! तिच्या सासूने भांडकुदळ सुनांना एका ताटात जेवायला बसवून घरात गोडी आणली होती. माशा काय वेगळ्या असणार? म्हणून भर दुपारी तिने खोलीमागे उघड्यावर पंगत मांडली.

धुडकूच्या दांडग्या पेटीतल्या माशांनी ताट चाटूनपुसून घेतलं आणि मोर्चा शेजारच्या दुबळ्या पेटीकडे वळवला. ती मंगलाबाईची, तिच्या आईने मरण्याआधी दिलेली. सुरतेत प्लेग आला तेव्हा सगळी भांडीकुंडी इथेच कोसाडच्या खोलीत टाकून तिने हीच एक पेटी मांडीवर घेऊन गाव गाठलं होतं, आणि परतही आणली होती.

दारावरच्या राखणदार माशा एकेक करून फाडल्या गेल्या. पंख तुटले, मुंडकी उडाली, एकमेकींत गुंतलेल्या जोड्या मातीत गरगरत मेल्या. मंगलाबाईने पदर भिजवून पेटीच्या तोंडात कोंबला. गालावर, मानेवर डंख बसत होते तरी ती हटली नाही. पण लुटारू केव्हाच आत शिरले होते. तिने आपल्या माशांना त्यांच्यासकट कोंडलं.

संध्याकाळी धुडकूने झाकण काढलं. पोळी कुरतडलेली, तळाशी मेलेल्यांचा खच, त्यातच राणीमाशी.

मंगलाबाई आत गेली आणि उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन दांडग्या पेटीशी आली. सुजून तिचा एक डोळा मिटला होता. धुडकू आडवा आला नाही.

"वत," तो म्हणाला. "पन त्यासले वाट तूच दखाडी."

वाट तिनेच दाखवली होती, म्हणूनच ते काळजात घुसलं. तिने पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच मातीत बसून ती हमसून हमसून रडली.

उजेड सरता सरता दांडग्या पेटीतली एक माशी तिच्या हातावर उतरली. बोटांना अजून मध होता, तो चाटू लागली. अंगठा नुसता दाबायचा होता. मंगलाबाईने हात तसाच धरून ठेवला, माशी पोट भरून उडेपर्यंत.