वगळलेले नऊ ठिपके

माझ्या ताईचा खालचा ओठ माझ्या गणितावर अवलंबून होता, आणि मला त्या गणिताचा गर्व होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझी कीव यायला नको.

ताई स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करते. माइकसमोर बसून, स्वतःच्या तोंडानं. दोन वर्षांपूर्वी तापात तिचा उजवा कान गेला. आमचं संशोधन नेमकं अशाच माणसांसाठी होतं. जबड्यात एक स्क्रू, त्यावर खोटा दात, दातात बिनतारी यंत्र. आवाज लहरींवरून दातात येणार, दात हाड थरथरवणार, आणि हाडातून तो चांगल्या कानापर्यंत पोचणार. पहिली म्हणून ताईनं आपणहून नाव दिलं. "घरातच एवढी शास्त्रज्ञ बसलीये, मग परक्याचा जबडा कशाला?" असं म्हणाली. खालच्या उजव्या सुळ्यामागचा तिचा एक दात पूर्वीच पडलेला होता, त्यामुळे जागाही तयार होती.

आम्ही तिघं होतो. दातांची रचना शिकवणारी प्राध्यापिका, जिला सगळे बत्तिशी म्हणत, कारण ती हसताना स्वतःची कधीच दाखवत नसे. यंत्र बनवणारा उंच इंजिनिअर, म्हणजे अँटेना. आणि मी. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते. दाढांखालून ती पुढे येते आणि हनुवटीजवळच्या बारीक भोकातून बाहेर पडून ओठात शिरते. तिला ड्रिल लागलं तर ओठ कायमचा बधिर होऊ शकतो, आणि बधिर ओठानं माइकवर काय बोलणार? स्कॅनमध्ये ही नस सलग दिसत नाही, नुसते पुसट ठिपके दिसतात. ते जोडून रेषा काढायचं काम माझं. त्या रेषेवरून साचा बनायचा आणि ड्रिल त्या साच्यातून आत जायचं.

त्या दिवशी अकरा वाजता शस्त्रक्रिया सुरू झाली. बत्तिशी आत डॉक्टरांच्या शेजारी उभी होती. अँटेना आणि मी कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत. त्याला हातावर हात ठेवून बसता येत नाही. तो मृत माणसाच्या एका सुक्या जबड्यात तांब्याची तार घालून नसेची पोकळी मोजत होता, लहरी तिथे कशा वागतात ते बघायला.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या सूत्रानं जेवढी लांबी येते, त्याहून तार सहा मिलिमीटर जास्त लागतेय."

"पट्टी तपासा तुमची."

"तपासली. दुसरा जबडाही घेतला. तोच प्रकार आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी जबडा त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावला आणि तार स्वतः सरकवली. ती भोकापाशी आली, पण बाहेर न पडता पुढेच गेली. मग अडली. जरा पिळल्यावर तिचं टोक मागे वळलं आणि भोकातून वर आलं.

माझं धाबं दणाणलं. काही माणसांत नस पुढे जाऊन मागे वळते, हे बत्तिशीनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी "बघू" म्हटलं होतं. माझी रेषा फक्त पुढे जाणारी होती. एकाच जागी दोन उंच्या तिला चालत नसत, म्हणून जो ठिपका मागे वळेल तो स्कॅनमधला कचरा समजून वगळायचा, अशी ओळ मी माझ्या हातानं लिहिली होती. वळणाऱ्या नसेचं नंतर बघणार होते. ते राहूनच गेलं.

मी ताईची फाइल उघडली. वगळलेले ठिपके नऊ. नऊच्या नऊ भोकाच्या पुढे, कापलेल्या नखासारखे वळलेले, आणि ड्रिलची वाट बरोबर त्यांच्यातून जाणारी.

"फोन लावा आत," मी म्हणाले.

"लागणार नाही. सगळ्या भिंतींना जाळी आहे." ती जाळी बाहेरच्या लहरी आत जाऊ नयेत म्हणून त्यानंच बसवली होती. त्याचं तोंड एवढंसं झालं.

मी धावत सुटले. शस्त्रक्रियेच्या दाराशेजारी मोठी काच होती आणि तिच्यासमोर परीक्षण समितीची तीन माणसं वह्या घेऊन उभी होती. सांगायला लाज वाटते, पण त्यांना पाहून माझे पाय थबकले. दोन वर्षांचं काम ह्यांच्यादेखत बुडणार, असं मनात आलं. किती वेळ थांबले, ते मी नंतर पुन्हापुन्हा मोजलंय. दहा सेकंद. पंधराही असतील.

मग मी दार ढकललं. "थांबा. साचा चुकलाय. माझी चूक आहे."

डॉक्टरांनी पेडलवरचा पाय काढला.

"किती खोल गेलंय?" मी विचारलं.

"साडेनऊ मिलिमीटर," ते म्हणाले.

वगळलेल्या ठिपक्यांप्रमाणे नस नऊ मिलिमीटरवर होती. पण माझ्या आकड्यात अर्धा-पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. ती चूक कमी करायला मी दोन वर्षं झटले होते. आता ती जास्तच असू दे, म्हणून जीव तीळतीळ तुटत होता.

लगेच काही कळणार नव्हतं. इंजेक्शननं ओठ तसाही बधिरच होता. चार तास थांबायचं होतं. ताईला खुर्चीवर बसवल्यावर मी तिला सगळं सांगितलं, काचेसमोरचे ते सेकंदसुद्धा.

"उजवा कान, उजवा ओठ. जोडी तरी जमली," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून, "अगं, येईल सगळं ठिकाणावर. रडू नकोस."

साडेचारला डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन आता उतरलेलं असणार. तपासणी मीच करणार, असा ताईचा हट्ट होता. बत्तिशी वही घेऊन बसली. ताईनं डोळे मिटायचे, मी कापसाचा धागा ओठाला लावायचा, आणि कळलं की तिनं "हो" म्हणायचं.

डावीकडे लावला. "हो."

उजवीकडे लावला. "हो."

पुन्हा उजवीकडे. पुन्हा "हो." बत्तिशीनं दोन खुणा केल्या.

अशा तपासणीत मधेच एखादी खेप रिकामी ठेवायची असते. मी हात पुढे नेला, बाही सळसळली, आणि धागा ओठापासून बोटभर अंतरावर तसाच धरून ठेवला.

"हो," ताई म्हणाली.

बत्तिशीचं पेन थांबलं. ताई डोळे मिटून बसली होती, घोषणेआधी बसते तशी, अगदी सरळ. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून मघाशी प्यायलेल्या पाण्याचा थेंब हनुवटीकडे ओघळत होता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. मी बाही वर सारली आणि आवाज न करता तो बोटानं पुसला, ओठापासून हनुवटीपर्यंत.

ताईनं "हो" म्हटलं नाही. पुढच्या खेपेची वाट बघत राहिली.

"काय लिहू?" बत्तिशीनं हळूच विचारलं.

"उजवीकडे नाही," मी म्हणाले. "नाही, असंच लिही."